डिमांड लेटर

रबाळ्यात नाल्याला लागून आमचा गाळा.
खाली ट्रेड टेस्ट, वर टायपिंग.
मी वर.
माझंही कंत्राट अकरा महिन्यांचं.
बारावा महिना आमच्याकडे उजाडतच नाही.

दयानंद मढवी, घणसोली, वय एकोणचाळीस.
तळोज्याला बॉयलरच्या कारखान्यात
चौदा वर्षं हंगामी.
फॉर्म भरताना माझा हात थांबला:
चौदा वर्षांचा हंगाम
कुठल्या पिकाचा असतो?
तो म्हणाला, दर सा महिन्यांनी गेटपास जमा करायचा,
आठ दिवस घरी बसायचं,
मग नवा नंबर, तोच माणूस.
अठ्ठावीस नंबर झालेत, ताई.
शेवटचा तेवढा पाठ आहे.

खाली पाईप पंचेचाळीस अंशांत बांधलेला,
ना उभा ना आडवा.
त्याभोवती तो गुडघ्यावर फिरला,
मग पाठीवर झोपून.
एक्स-रेमध्ये वेल्ड दिसलं,
एक भोक नाही, एक बुडबुडा नाही.
स्क्रीनवरच्या रोमानियाच्या साहेबानं अंगठा दाखवला
आणि चाळीसच्या यादीत तो तेविसावा झाला.

साहेबांच्या पत्राचं मराठी मीच केलं,
सही करण्याआधी माणसांना कळावं म्हणून:
'आमच्याकडे स्थानिक कुशल कामगार उपलब्ध नाहीत.'

त्याच आठवड्यात तळोज्याचं पत्र आलं:
'स्थानिक कुशल कामगार उपलब्ध नाहीत.
सबब पंधरा इसम त्वरित पाठवावेत.'
तेव्हा दयानंद खालीच होता,
जिन्याच्या पहिल्या पायरीवर डबा उघडून.
बांगड्याचा वास वरपर्यंत येत होता.
घणसोली ते तळोजा, बाइकनं किती? पाऊण तास.

उपलब्ध.
या शब्दाच्या पुढं काहीतरी असतं
जे कुणी मला टाइप करायला देत नाही:
किती रुपयांत,
किती महिन्यांसाठी,
आणि आजारी पडल्यावर कुणाचा.

पंधरा जण सिमडेग्याहून आले.
बेनेदिक केरकेट्टा, वय बावीस,
याला जे हेल्मेट मिळालं
त्याच्या आत मार्करनं लिहिलेलं, द. मढवी.
तो माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला,
'दीदी, ये आदमी मर गया क्या?'
नाही रे, म्हटलं,
एक्स्पोर्ट झाला.
मी हसले. तो हसला नाही.
दुसऱ्या दिवशी त्यानं नावावर चिकटपट्टी लावली होती,
पण खोडलं नव्हतं.

काल रात्री साडेअकराला दयानंदचा मेसेज.
कारखान्याच्या गेटवर चिकटवलेल्या कागदाचा फोटो,
कोपऱ्यात थोडा बर्फ.
खाली त्याचा आवाज:
'ताई, यान माजा नाव हाय का गं? बग जरा.'

मोबाईलवर भाषांतर लावलं.
तात्पुरते कामगार, करार संपुष्टात,
पुढील नूतनीकरण नाही.
खाली नऊ नावं.
मढवी त्यात नव्हता.

तसं कळवलं.
लगेच दोन निळ्या रेघा, मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, 'त्यान चवथा नाव वाच.'
मी अडखळत वाचलं. दोनदा.
'तोच. माज्या बाजूला उबा रतो.
पयल्या दिशी गरम पाण्याचा नळ
त्यानंच दाखवला मना.
ताई, याची जागा मी घेतली का?'

मी टाइप करायला लागले,
पुसलं. परत टाइप केलं.
पत्रं लिहायची मला सवय आहे,
दोन्हीकडची, एकाच साच्यातली.
याचं उत्तर त्या साच्यात बसेना.

मुदत संपायला माझे एकोणीस दिवस राहिलेत.
सकाळी गाळ्याचं शटर वर गेलं तेव्हा
जिन्याखाली एक नवी मुलगी बसली होती,
मांडीवर फाईल,
टायपिंगचा स्पीड किती लागतो, विचारत होती.
मी तिला
पाण्याचा फिल्टर कुठं आहे ते दाखवलं.